मुक्कामावर तोडा, जंक्शनवर तोडू नका : परदेशातल्या सवलतीच्या जोड-तिकिटांवर वाचकांचे प्रश्न

मुलं जर्मनीत, ब्रिटनमध्ये शिकायला किंवा नोकरीला गेली की आई-बाप कापूस-तुरीचा हंगाम आटोपून एप्रिल-मेमध्ये भेटीला जातात आणि पेरणीच्या आत परत येतात. त्यामुळे तिकडच्या रेल्वेबद्दल येणाऱ्या पत्रांत एकच प्रश्न फिरून फिरून दिसतो : दोन-तीन गाड्या बदलायच्या असतील तर सगळ्या गाड्यांना मिळून एकच तिकीट, म्हणजे जोड-तिकीट, काढावं की तुकड्यांत? या अंकात त्यावरची निवडक पत्रं घेतली आहेत.

प्रश्न : मुलगा श्टुटगार्टला आहे. मे महिन्यात आम्ही दोघं फ्रँकफुर्टला विमानातून उतरू, आठ दिवस त्याच्याकडे राहू, मग व्हिएन्ना, प्राग, बर्लिन पाहून परत फ्रँकफुर्टहून विमान. मुलगा म्हणतो प्रत्येक गाडीचं वेगळं तिकीट काढलं की स्वस्त पडतं. यवतमाळचे एजंट म्हणतात पास घ्या. आम्हाला भाषा येत नाही, गाडी चुकण्याची भीती वाटते. (दिग्रस, जि. यवतमाळ)

उत्तर : तुमच्या प्रवासात पाच टप्पे आहेत आणि चार ठिकाणी मुक्काम. जिथे मुक्काम आहे तिथे तिकीट खुशाल तोडा. व्हिएन्नात तीन दिवस राहायचं असेल तर तिथपर्यंतचं एक आणि तिथून प्रागचं दुसरं, यात काहीच जोखीम नाही. पण जिथे फक्त गाडी बदलायची आहे तिथे तोडू नका. श्टुटगार्टहून व्हिएन्नाला जाताना बहुधा म्युनिकला गाडी बदलावी लागेल. तिथे श्टुटगार्ट-म्युनिक आणि म्युनिक-व्हिएन्ना अशी दोन स्वस्त तिकिटं जोडली आणि पहिली गाडी अर्धा तास उशिरा पोचली, तर दुसऱ्या तिकिटाच्या लेखी तुम्ही वेळेवर न आलेले प्रवासी ठरता. श्टुटगार्ट-व्हिएन्ना हे अख्खं एक तिकीट असेल तर तुम्हाला व्हिएन्नाला पोचवणं ही रेल्वेची जबाबदारी होते. वाचलेले दहा-पंधरा युरो आणि म्युनिकच्या फलाटावर ऐनवेळी पूर्ण भावात काढावं लागणारं नवं तिकीट, यांची तुलना मुलाला करायला सांगा.

आपल्याकडेही हेच तत्त्व आहे. १ एप्रिल २०१९ पासून भारतीय रेल्वेत दोन पीएनआर एकमेकांना जोडता येतात, आणि पहिल्या गाडीच्या उशिरामुळे पुढची चुकली तर न वापरलेल्या भागाचे पैसे परत मिळतात. न जोडलेल्या दोन पीएनआरना ते संरक्षण नाही.

आता सवलतीचे प्रकार. जर्मन रेल्वेची, म्हणजे डॉइच बानची, लांब पल्ल्याची तिकिटं साधारण तीन तऱ्हेची. सुपर श्पारप्राइस सगळ्यात स्वस्त, पण ते रद्द होत नाही. श्पारप्राइस थोडं महाग, प्रवासाच्या आदल्या दिवसापर्यंत १० युरो कापून रद्द करता येतं. फ्लेक्सप्राइस सगळ्यात महाग, त्यात त्या दिवशीची कुठलीही गाडी चालते. पहिल्या दोन्हींत तिकिटावर छापलेल्या लांब पल्ल्याच्याच गाडीत बसावं लागतं. याला तिकडे ‘त्सूगबिंडुंग’ म्हणतात, म्हणजे गाडीशी बांधलेलं तिकीट. त्याच तिकिटात एखादी छोटी प्रादेशिक गाडी असेल तर तिला हे बंधन नसतं.

व्हिसा हातात येईपर्यंत सुपर श्पारप्राइस काढू नका. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि ही तिकिटंही बरेच महिने आधी विक्रीला येतात. मेच्या प्रवासासाठी डिसेंबर-जानेवारीत व्हिसाचं उरकलं तर स्वस्त कोटा शिल्लक असताना तिकीट काढता येईल. स्वस्त जागा ठरावीक असतात, त्या संपल्या की त्याच गाडीचा भाव चढतो. शुक्रवार-रविवारी आणि सुट्टीला लागून त्या आधी संपतात, मंगळवार-बुधवारी दुपारच्या गाडीत जास्त दिवस टिकतात.

व्हिएन्ना-प्राग आणि प्राग-बर्लिन या दोन टप्प्यांचे भाव दोन्हीकडच्या रेल्वेच्या साइटवर पाहा. प्राग-बर्लिनची तीच गाडी, तोच डबा, चेक रेल्वे वेगळ्या भावाने विकते आणि जर्मन रेल्वे वेगळ्या. व्हिएन्ना-प्रागसाठी ऑस्ट्रियन रेल्वेची ‘श्पारशीने’ सवलत आणि चेक रेल्वेचा भाव दोन्ही उघडून बघा. दोन्ही थेट गाड्या आहेत, चार-सव्वाचार तासांच्या, गाडी बदलणं नाही. अशा थेट टप्प्यावर सगळ्यात स्वस्त तिकीट घ्यायला आमची काहीच हरकत नाही.

एजंटने सांगितलेला पास तुम्हाला बहुतेक महाग पडेल, कारण तुमच्या तारखा ठरलेल्या आहेत. पास त्यांच्यासाठी, ज्यांना सकाळी उठून कुठे जायचं ते ठरवायचं असतं.

आणखी दोन गोष्टी. वाटेत न्यूरेम्बर्गला चार तास उतरून गाव पाहायचं असेल तर त्यासाठी तिकीट तोडायची गरज नाही. डॉइच बानच्या साइटवर शोध घेताना मधला थांबा टाकण्याची सोय आहे, तिथे किती वेळ थांबणार तेही लिहिता येतं, आणि तिकीट एकच राहतं. आपल्याकडे ५०० किलोमीटरनंतर ‘ब्रेक जर्नी’ मिळते, तशातलाच हा प्रकार, फक्त तो तिकीट काढतानाच सांगावा लागतो.

दुसरं, स्टेशनचं नाव पूर्ण वाचा. फ्रँकफुर्ट दोन आहेत. विमानतळाचं ते माइन नदीवरचं, आणि दुसरं ओडर नदीवरचं, पोलंडच्या सीमेवर. माइनच्या फ्रँकफुर्टमध्येही मुख्य स्टेशन वेगळं आणि विमानतळाचं स्टेशन वेगळं. वर्धा आणि सेवाग्राम, अमरावती आणि बडनेरा यांत गोंधळ झाल्यावर काय होतं ते आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगायला नको.

प्रश्न : एकच तिकीट काढलं, तरी गाडी चुकली तर नेमकं काय करायचं? कुणाकडे जायचं, काय दाखवायचं, पैसे कसे परत मिळतात? टप्प्याटप्प्याने सांगा. (मूर्तिजापूर, जि. अकोला)

उत्तर : चुकण्याच्या आधीपासून सुरुवात करू, कारण बऱ्याच गाड्या तिकीट काढतानाच चुकलेल्या असतात. साइट सात-आठ मिनिटांचं गाडी बदलणं बिनदिक्कत दाखवते. ते तिथल्या रोजच्या प्रवाशाचं गणित. दोन बॅगा, गुडघेदुखी आणि अनोळखी फलाट असेल तर मोठ्या स्टेशनवर तीस-चाळीस मिनिटं हवीत. डॉइच बानच्या शोधात बदलण्याचा किमान वेळ वाढवण्याचा पर्याय आहे, तो आधी वाढवा आणि मगच शोधा. जोडगाडी, म्हणजे बदलून पकडायची पुढची गाडी, दिवसातली शेवटची असेल तर तासभराचं अंतर ठेवा. तिकडे हमाल नाहीत.

आता उशीर झालाच असं धरू. गाडीत असतानाच तिकीट तपासनिसाला गाठा आणि पुढच्या गाडीचं तिकीट दाखवा. जोडगाडी थांबणार की नाही हे त्याला कळवता येतं, आणि नसेल थांबत तर पुढची कोणती ते तो सांगतो. जर्मन रेल्वेच्या सवलतीच्या तिकिटावर शेवटच्या स्टेशनला २० मिनिटांहून जास्त उशीर होणार असं दिसलं, की गाडीचं बंधन सुटतं. मग त्याच ठिकाणी जाणाऱ्या दुसऱ्या गाडीत बसता येतं, नवं तिकीट लागत नाही. उशिराचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. स्टेशनवर उतरल्यावर वेळ असेल तर माहिती खिडकीवर किंवा ‘राइजेत्सेन्ट्रुम’ नावाच्या तिकीट कार्यालयात उशिराची नोंद करून घ्या. भाषा येत नसेल तर तिकीट पुढे करून गाडी क्रमांकावर बोट ठेवलं तरी काम होतं.

युरोपीय संघाचा प्रवासी हक्कांचा नियम, क्रमांक २०२१/७८२, ७ जून २०२३ पासून लागू आहे. त्यातले आकडे लिहून ठेवा. शेवटच्या ठिकाणी ६० ते ११९ मिनिटं उशीर झाला तर तिकिटाच्या २५ टक्के भरपाई, १२० मिनिटं किंवा जास्त असेल तर ५० टक्के. अर्ज तीन महिन्यांच्या आत. साठ मिनिटांहून जास्त उशीर होणार हे दिसत असेल तर तुम्हाला निवड मिळते : प्रवास सोडून पैसे परत, किंवा पुढच्या गाडीने प्रवास. आणि सुटण्याच्या ठरल्या वेळेपासून १०० मिनिटांत रेल्वेने कुठलाच पर्याय सांगितला नाही, तर तुम्ही स्वतः दुसरी रेल्वे किंवा बस पकडून तिचा आवश्यक तेवढा खर्च मागू शकता. रात्री अडकलात तर राहण्याची सोय रेल्वेने करायची, पण हॉटेल स्वतः शोधण्याआधी खिडकीवर विचारा आणि प्रत्येक पावती जपा. अतिभयंकर हवामानासारखं कारण असेल तर रोख भरपाई नाकारली जाऊ शकते. पुढे पोचवण्याची जबाबदारी मात्र तेव्हाही राहते.

जोड-तिकिटाचा खरा फायदा इथे दिसतो. समजा तीन गाड्यांचं मिळून १२० युरोचं एकच तिकीट आहे, पहिली गाडी फक्त २५ मिनिटं उशिरा आली, तेवढ्यात जोडगाडी गेली आणि तुम्ही शेवटच्या ठिकाणी सव्वा तास उशिरा पोचलात. मोजमाप शेवटच्या ठिकाणी होतं, म्हणून ३० युरो परत. हीच तीन वेगळी तिकिटं असती तर पहिल्याचा उशीर २५ मिनिटं, म्हणजे भरपाई शून्य, आणि पुढची दोन वाया.

त्याच नियमात एक कलम फार कामाचं आहे. एकाच रेल्वे कंपनीकडून एकाच व्यवहारात घेतलेली तिकिटं साधारणपणे जोड-तिकीट धरली जातात, जोवर ‘हे वेगवेगळे करार आहेत’ असं आधी स्पष्ट सांगितलेलं नसेल. एखाद्या एजंटने किंवा साइटने स्वतःहून तुकडे जोडले, तुम्हाला ते आधी सांगितलं नाही आणि जोडगाडी चुकली, तर त्याला पूर्ण रक्कम परत द्यावी लागते आणि वर ७५ टक्के भरपाई. म्हणून पैसे भरण्याआधीचं पान नीट वाचा. ‘वेगळे करार’ अशा अर्थाची ओळ असेल तर ती सगळ्यात महत्त्वाची ओळ समजा.

तुकड्यांची तिकिटं आधीच काढून बसला असाल तर एक आधार आहे. युरोपातल्या अनेक राष्ट्रीय रेल्वे कंपन्यांनी ‘एजेसी’ नावाचा आपसातला करार केला आहे : आंतरराष्ट्रीय प्रवासात वेगळी तिकिटं असली आणि बदलायला पुरेसा वेळ ठेवलेला असला, तर उशिराची नोंद दाखवून पुढच्या गाडीत बसू दिलं जातं. त्या नोंदीसाठीच वर खिडकीचा उल्लेख केला. पण ही सवलत आहे, हक्क नव्हे, आणि खासगी कंपन्या त्यात धरून चालू नका. इटलीत त्रेनिताल्या या सरकारी रेल्वेच्या गाडीने येऊन इतालो या खासगी कंपनीची गाडी पकडायची असेल, तर दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही असं समजून दीड-दोन तासांचं अंतर ठेवा.

प्रश्न : मुलगी जर्मनीत आखनला एमएस करते. आम्ही दोघं आणि ती मिळून तीन आठवड्यांत सहा देश करणार. तिघांसाठी युरेल पास घ्यावा असं ठरतंय. माझं वय ६१, पत्नीचं ५७. (हिंगणघाट, जि. वर्धा)

उत्तर : तिघांना एकच पास मिळणार नाही. युरेल पास युरोपाबाहेर राहणाऱ्यांसाठी, इंटररेल पास युरोपात राहणाऱ्यांसाठी. इथे नागरिकत्व पाहत नाहीत, राहण्याचं ठिकाण पाहतात. तुम्ही दोघं युरेल, मुलगी इंटररेल. दोन्ही पास ३३ देशांत चालतात, गाड्याही त्याच. फरक इतकाच की इंटररेलवर राहत्या देशात जाण्याचा एक आणि येण्याचा एक असे दोनच प्रवास-दिवस मिळतात. मुलीचा जर्मनीतला फिरस्तीचा भाग त्या पासवर बसणार नाही. तिच्याकडे विद्यार्थ्यांचं किंवा साधं डॉइचलांड-तिकीट असेल तर जर्मनीतल्या प्रादेशिक गाड्या त्यावर होतील, आयसीई ही लांब पल्ल्याची जलद गाडी मात्र नाही. (डॉइचलांड-तिकीट २०२५ मध्ये महिन्याला ५८ युरो होतं, जानेवारी २०२६ पासून ६३. तुम्ही घेणार असाल तर ते आपोआप चालू राहणारं सदस्यत्व आहे हे लक्षात असू द्या. महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द केलं तरच त्या महिन्याअखेर थांबतं.)

तुमचं वय ६० च्या वर, म्हणून तुमच्या पासवर १० टक्के सूट. पत्नीला ती नाही. मुलगी २७ किंवा त्याहून लहान असेल तर तिला तरुणांचा पास, त्यात सूट जास्त.

सहा देशांसाठी सलग दिवसांचा पास घेऊ नका. एका महिन्यात ७ प्रवास-दिवस, असा पास पाहा. प्रवास-दिवस म्हणजे रात्री ००:०० ते २३:५९, त्यात कितीही गाड्या. लांबचे टप्पे त्या सात दिवसांत बसवा आणि जवळचं फिरणं स्थानिक तिकिटावर करा. रात्रीच्या गाडीत मध्यरात्रीनंतर गाडी बदलायची नसेल तर फक्त निघण्याचा दिवस मोजला जातो. हा नियम समजून आखणी केली तर एक-दोन दिवस सहज वाचतात.

आता ज्याने हिशेब बिघडतो ते. पास म्हणजे आरक्षण नव्हे. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, नेदरलँड्स इथे बहुतेक गाड्यांत पास दाखवून बसता येतं. फ्रान्सची टीजीव्ही, इटलीची फ्रेच्चारोस्सा, स्पेनची आवे, युरोस्टार आणि बहुतेक रात्रीच्या गाड्या, यांना वेगळे पैसे भरून आरक्षण लागतंच. टीजीव्ही आणि युरोस्टारमध्ये पासधारकांच्या जागाही मर्यादित असतात. गाडी रिकामी असली तरी त्या संपू शकतात. तुमच्या सहा देशांत फ्रान्स आणि इटलीचे टप्पे जास्त असतील तर पासऐवजी लवकर काढलेली सवलतीची तिकिटं स्वस्त पडतील. जर्मन भाषेच्या देशांत जास्त फिरणार असाल तर पास.

पास मोबाइलमध्ये असतो. प्रत्येक गाडी ॲपमध्ये घालून, त्या दिवसाचा प्रवास चालू करून मगच डब्यात चढा. चढल्यावर घाईने केलेली नोंद तपासनीस मान्य करत नाही, दंड होतो. तीन दिवसांत एकदा तरी फोन इंटरनेटला जोडावा लागतो, नाहीतर पास उघडत नाही. आणि पास पासपोर्टशी बांधलेला असतो, त्यामुळे पासपोर्ट हॉटेलवर ठेवून निघू नका.

प्रश्न : आम्ही आठ जण स्वित्झर्लंडला चाललो. स्विस ट्रॅव्हल पास सगळेच घेतात, आम्हीही घ्यावा का? (चिखली, जि. बुलढाणा)

उत्तर : सगळे घेतात हे कारण पुरेसं नाही. तारखा पक्क्या असतील तर ‘सेव्हर डे पास’ पाहा. एका दिवसाचा पास, देशभरच्या गाड्या, बस आणि बोटी त्यात येतात. सहा महिने आधीपासून मिळतो आणि २०२५ मध्ये लवकर घेतला तर दुसऱ्या वर्गात ५२ फ्रँकपासून होता. असे तीन दिवस १५६ फ्रँक होतात. तीन दिवसांचा स्विस ट्रॅव्हल पास २०२५ मध्ये २४४ फ्रँक होता. ८८ फ्रँकचा फरक, आठ जणांचे ७०४. पण ५२ चे मोजके असतात, दिवस जवळ आला की भाव चढतो, आणि ते परत होत नाहीत. स्विस ट्रॅव्हल पासमध्ये पाचशेहून जास्त संग्रहालयं आणि रिगी डोंगर फुकट आहेत, आणि आई किंवा वडिलांबरोबर ६ ते १५ वर्षांची मुलं फॅमिली कार्डावर फुकट जातात. तुमच्या आठ जणांत शाळकरी मुलं असतील तर पारडं तिकडे झुकतं.

युंगफ्राउयोख या उंच डोंगरावरच्या स्टेशनाबद्दल गैरसमज फार आहे. स्विस ट्रॅव्हल पास ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनपर्यंतच चालतो, तिथून वर २५ टक्के सूट, बाकी रोख. तो खर्च आधीच बाजूला काढून ठेवा.

प्रश्न : धाकटी बहीण इंग्लंडमध्ये नर्स आहे. ती म्हणते, एकाच गाडीचं एका तिकिटाऐवजी दोन तिकिटं काढली तर स्वस्त पडतं. हे बेकायदा तर नाही ना? (पवनी, जि. भंडारा)

उत्तर : बेकायदा नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय रेल्वे प्रवास-अटींमध्ये हे लिहूनच मान्य केलेलं आहे. तिकडे याला ‘स्प्लिट तिकीट’ म्हणतात, आणि वर युरोपबद्दल ‘तोडू नका’ म्हटलं त्याला हा मोठा अपवाद, कारण इथे नियम वेगळा आहे. लंडन पॅडिंग्टन ते ब्रिस्टलचं एक तिकीट काढण्याऐवजी पॅडिंग्टन ते डिडकॉट आणि डिडकॉट ते ब्रिस्टल अशी दोन काढायची. गाडी तीच, डब्यातून उतरायचंही नाही. अट एकच, गाडी डिडकॉटला थांबली पाहिजे. न थांबता जाणारी गाडी असेल तर दोन्ही तिकिटं त्या गाडीत चालत नाहीत आणि तपासनीस नवं तिकीट काढायला लावतो. म्हणून वेळापत्रकात मधला थांबा स्वतः बघा.

असं का होतं? गर्दीच्या वेळेचा महाग दर लंडनजवळच्या तुकड्याला लागतो. अख्खं तिकीट घेतलं की तो दर पूर्ण अंतराला चिकटतो. मध्ये तोडलं की पुढच्या तुकड्याला कमी गर्दीचा दर मिळतो. शिवाय तिकडे दर अंतरावर सरळ चढत जात नाहीत.

उशीर झाला तर दोन्ही तिकिटं मिळून एक प्रवास धरला जातो, पण दोन गाड्या असतील तर मध्ये वेळापत्रकात सांगितलेला किमान वेळ ठेवलेला हवा. सगळी तिकिटं फोनवर एकत्र ठेवा. दोन तिकिटांवर आसनं वेगळी येऊ शकतात, म्हणजे डिडकॉटला जागा बदलावी लागते. काढताना तेच आसन मागून बघा.

‘अ‍ॅडव्हान्स’ प्रकारची तिकिटं साधारण १२ आठवडे आधी येतात, ती एकाच गाडीची असतात आणि त्यावर मध्ये उतरता येत नाही. दूरच्या गावचं स्वस्त अ‍ॅडव्हान्स तिकीट घेऊन अलीकडे उतरण्याची युक्ती कुणी सांगितली तर ऐकू नका. स्टेशनच्या दारावर तपासणी असेल तर दंडाची वेळ येते.

बहिणीकडे दोघं जाणार असाल तर टू टुगेदर रेलकार्ड घ्या. मार्च २०२५ पासून ३५ पौंड, वर्षभर चालतं, परदेशी पाहुण्यालाही मिळतं, आणि दोघांच्या तिकिटावर एक तृतीयांश सूट. दोघांनी एकत्रच जायचं, आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी ९:३० नंतर. मुलं असतील तर फॅमिली अँड फ्रेंड्स कार्ड बरं, त्यात ५ ते १५ वर्षांच्या मुलांना ६० टक्के सूट आहे.

प्रश्न : शाळेच्या सुट्टीत जपान करायचं आहे. टोकियो, क्योटो, हिरोशिमा. रेल पास सोडून काही आहे का? (गोंदिया)

उत्तर : आहे, आणि गोंदियाच्या माणसाला ते लगेच उमगेल. १ ऑक्टोबर २०२३ पासून सात दिवसांचा जपान रेल पास २९,६५० येनवरून ५०,००० येन झाला. टोकियो ते हिरोशिमा शिंकानसेनने, म्हणजे तिकडच्या बुलेट ट्रेनने, एका बाजूचे साधारण १९-२० हजार येन, म्हणजे येऊन-जाऊनही ५०,००० होत नाहीत. जुन्या लेखांत ‘पास घ्याच’ असं लिहिलेलं असतं, ते आता लागू नाही.

जपानी तिकिटाचे दोन भाग असतात : अंतराचं मूळ भाडं आणि वर जलद गाडीचा अधिभार. मूळ भाडं आपल्याकडल्यासारखंच, अंतर वाढलं की दर किलोमीटरला कमी होत जातं. म्हणून टोकियो ते हिरोशिमा असं मूळ भाड्याचं एकच कागदी तिकीट काढा. अंतर ८९४ किलोमीटर, ते सहा दिवस चालतं, आणि शंभर किलोमीटरपेक्षा लांबच्या तिकिटावर वाटेत उतरता येतं. नागोया, क्योटो, हिमेजी कुठेही उतरा, मागे मात्र फिरायचं नाही. जलद गाडीचा अधिभार प्रत्येक टप्प्याला वेगळा काढावा लागतो, कारण तो एकदा बाहेर पडलं की संपतो. फाटकात तिकीट टाकल्यावर मूळ तिकीट परत येतं, ते उचलायला विसरू नका. घाईत मागे राहणारी वस्तू तीच.

मोबाइलवरच्या स्मार्टईएक्स तिकिटात हे वाटेत उतरणं मिळत नाही, त्यासाठी स्टेशनची खिडकीच हवी. आणि लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटीमीटरहून मोठी बॅग असेल तर टोकाइदो शिंकानसेनमध्ये तिच्या जागेसकट आसन आधीच आरक्षित करा.

प्रश्न : इटलीत तिकीट असूनही दंड होतो म्हणे, हे खरं का? (पांढरकवडा)

उत्तर : प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात टोचून तारीख-वेळ छापून घ्यावं लागतं. न छापलेलं तिकीट म्हणजे तिकीट नाही. मोबाइलवरच्या प्रादेशिक तिकिटाला ‘चेक-इन’ करावं लागतं. आसन क्रमांक छापलेल्या फ्रेच्चारोस्सासारख्या गाडीला यातलं काही लागत नाही.

प्रश्न : साइटवर कार्ड चालत नाही. तीनदा केलं, तीनदा नाकारलं. (देसाईगंज, जि. गडचिरोली)

उत्तर : बहुतेक कार्डाचा परदेशी व्यवहार बंद असेल. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ ऑक्टोबर २०२० पासून ही सोय ग्राहकाने स्वतः चालू करायची असते. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या सेटिंगमध्ये ‘इंटरनॅशनल’ आणि ‘ऑनलाइन’ दोन्ही चालू करा, मर्यादाही वाढवा. रुपे कार्ड युरोपातल्या बऱ्याच रेल्वे साइटवर चालत नाही, यूपीआय तर नाहीच, तेव्हा व्हिसा किंवा मास्टरकार्ड हाताशी ठेवा. पैसे भरताना ‘रुपयांत भरा’ असा पर्याय आला तर नको म्हणा आणि युरोतच भरा, कारण तो रुपयांतला भाव साधारणपणे बँकेच्या भावापेक्षा महाग असतो. ओटीपी गावच्या सिमवर येतो. तिकडे गेल्यावर ते सिम बंद असेल तर तिकीट निघणार नाही, म्हणून मोठी तिकिटं इथूनच काढून निघा.

नावाचं शेवटी, पण त्यावरच जास्त अडतं. आपल्याकडे पासपोर्टवर नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव जोडलेलं असतं, रेशनकार्डावर आडनाव आधी येतं, आणि मुलगा घाईत घरात हाक मारतात ते नाव टाकून मोकळा होतो. तिकिटावर पासपोर्टच्या इंग्रजी अक्षरांप्रमाणेच नाव टाका. जर्मन रेल्वेचं ऑनलाइन तिकीट नावाचं असतं, तपासनीस पासपोर्ट मागू शकतो. लहान मुलांची नोंदही तेव्हाच करा. जर्मनीत ६ ते १४ वर्षांची मुलं मोठ्या माणसासोबत फुकट जातात, पण तिकिटावर त्यांचा आकडा असेल तरच. तारीखही पाहा : तिकडे आधी दिवस, मग महिना, वेळ २४ तासांची. ००:१५ ची गाडी म्हणजे आदल्या रात्रीच स्टेशनवर पोचायचं आहे.